नेरिसने घरी ठेवलेली चाकं

वेल्सच्या त्या किनाऱ्यावर आडनावांचा दुष्काळ आहे. अर्धं गाव जोन्स, उरलेल्यातलं अर्धं प्यू, आणि ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही ते विल्यम्स. त्यामुळे माणूस ओळखायचा तो धंद्यावरून. मोटरसायकलींचे टायर बसवणारा हौवेल, तो हौवेल टायर. घरांची दगडी पाट्यांची छपरं दुरुस्त करणारा गेथिन, तो गेथिन छप्पर. जन्मभर शाळेची बस चालवलेला एम्लिन प्यू, तो एम्लिन बस. त्याच्या बायकोला खरं तर बसमध्येच जागा मिळायला हवी होती, पण लोकांनी तिला वेगळं नाव दिलं. तिला म्हणायचे नेरिस ढग.

हे नाव तिने कमावलेलं होतं. लग्नाआधीपासून ते गुडघे बोलायला लागेपर्यंत नेरिसने समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या चादरी धुतल्या. मशीनवर वाळवलेली चादर मालकिणीला चालत नसे. पाहुण्यांना म्हणे वाऱ्याचा वास हवा असायचा. आता त्या किनाऱ्यावर वारा भरपूर, पण तो एकटा कधी येत नाही, पावसाला बोटाला धरूनच येतो. चादरी दोरीवर टाकायच्या की टोपलीतच ठेवायच्या, हे रोज सकाळी आभाळाकडे बघून ठरवायचं, आणि चुकलं तर सगळ्या पुन्हा धुवायच्या. असं शिक्षण झालं की माणूस विसरत नाही. कुठला ढग नुसता गुरगुरतो आणि कुठला न बोलता भिजवतो, डोंगरावर बसलेलं धुकं कधी उठेल, ओला रस्ता किती वाजेपर्यंत पांढरा पडेल, हे तिला बसल्या जागी सांगता यायचं.

या विद्येचा भाव कळला तो एम्लिनला. गावापासून थोड्या अंतरावर, जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर मोटरसायकलींचा ट्रॅक आहे. महिन्यातून एखादा दिवस असा असतो की पैसे भरून कुणीही आपली गाडी तिथे पळवावी. शर्यत नाही, बक्षीस नाही, वेळसुद्धा मोजू देत नाहीत. पोलिसाची भीती न बाळगता वेगाची खाज भागवायची, एवढंच. एम्लिनची ही खाज तरुणपणापासूनची. आठवडाभर पोरांनी भरलेली बस गोगलगायीसारखी चालवणाऱ्या माणसाला कुठेतरी गाडी पिळायला हवीच ना!

तिथे खरा प्रश्न इंजिनाचा नसतो, टायरचा असतो. कोरड्या दिवशीचे टायर जवळजवळ गुळगुळीत. एकदा तापले की रस्त्याला गोचिडीसारखे चिकटतात. पण ओल्यात ते तापतच नाहीत, आणि न तापलेला तो टायर म्हणजे साबणाची वडी. पावसाचे टायर वेगळे. मऊ रबर, खोल खाचा, पाणी कापून बाजूला फेकणारे. मात्र ट्रॅक वाळला की हेच टायर चार फेऱ्यांत खोडरबरासारखे झिजतात. म्हणून जाणती माणसं पावसाच्या टायरची चाकं वेगळी तयार ठेवतात आणि दिवस बघून गाडीला लावतात. दोन्ही जोड्या बरोबर का नेऊ नयेत, असं नवखे विचारतात. एम्लिन नेत नसे. त्यांची व्हॅन लहान, जास्तीची चाकं आत टाकली की नेरिसची खुर्ची बाहेर राहायची. आणि खुर्चीपेक्षा मोठं कारण म्हणजे ऐट. ‘आमच्या हिने सांगितलंय, कोरडं आहे,’ असं म्हणत रिकाम्या हातांनी ट्रॅकवर उतरायची ऐट.

बघता बघता तिथे रिवाजच पडला. सकाळी लोक आभाळाकडे बघायच्या आधी प्यूंच्या व्हॅनकडे बघायचे. तिच्यातून पावसाची चाकं उतरली की ट्रॅकवर तंबू टाकून बसलेल्या हौवेल टायरकडे रांग लागायची. नाही उतरली की सगळे निवांत बेकनचा पाव खात बसायचे.

घरात मात्र एम्लिन नवऱ्यांच्या जातीला शोभेल असाच होता. छप्पर गळतंय म्हटलं की ‘बघू’. दात दाखवून ये म्हटलं की ‘बघू’. कार्डिफच्या मुलीला फोन कर म्हटलं तरी ‘बघू’. सगळ्या संसारात नेरिसचं जे काही चाललं ते टायर या एकाच खात्यात. त्या खात्यात तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. याचा तिला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता.

गेल्या पानगळीत एक गोष्ट घडली. ट्रॅकवर कुणी पडलं की लाल झेंडे दाखवतात. ते दिसले की सगळ्यांनी वेग कमी करून आत यायचं, यात चर्चा नाही. त्या दिवशी एम्लिन दोन लाल झेंड्यांसमोरून तसाच सुसाट गेला. पडलेल्या गाडीजवळ उभा असलेला माणूस उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. व्यवस्थापकाने एम्लिनला बोलावून चांगलं झापलं. ‘हेल्मेटच्या काचेवर वाफ धरली होती,’ एम्लिन म्हणाला आणि ते प्रकरण तिथेच मिटलं. पण नेरिस कठड्याशी उभी होती. दिवस कोरडा खडखडीत होता. कुणाच्याही काचेवर वाफ नव्हती.

मग तिचं लक्ष राहू लागलं. चहा कपाऐवजी बशीत पडायचा. शेजारीण समोर आली तरी ती बोलल्याशिवाय हा ओळखायचा नाही. नेरिसने त्याला सांगितलं, एकदा नाही, येता-जाता सांगितलं. ‘अरे, डोळे दाखवून ये.’ तो हसायचा. ‘चाळीस वर्षं बस चालवली, एक आरसा फुटला नाही माझ्या हातून. बघू.’ रात्री तो घोरत असायचा आणि ही छताकडे बघत पडायची. पुढच्या खेपेला तो उडी मारणारा माणूस वेळेवर उडी मारेल कशावरून? आणि एम्लिनच भिंतीवर गेला तर?

एप्रिलमधल्या ट्रॅकच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तो व्हॅन भरत होता.

“काय गं, नेरिस बाख?” त्याने गॅरेजातून हाक मारली. बाख म्हणजे लहानगी. सत्तरीच्या बाईलाही तिथले नवरे लाडाने असंच म्हणतात. “चाकं टाकू की राहू देत?”

ती मागच्या दारात आली. समुद्र पाटीच्या रंगाचा झाला होता. डोंगर हात लावावा इतका जवळ दिसत होता, आणि तिकडे डोंगर जवळ आला की पाऊस उंबरठ्यावर आला असं समजायचं. तोही येऊन जाणारा नव्हे, मुक्कामाला येणारा. उद्या दिवसभर ट्रॅकवर पाणी असणार, हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. ‘टाक’ म्हणायला तिने तोंड उघडलं.

“राहू देत,” ती म्हणाली. “पहाटे पडेल थोडा. दहापर्यंत ट्रॅक वाळेल.”

“शाब्बास!” म्हणून एम्लिनने पावसाची चाकं परत भिंतीला टेकवली आणि तिची खुर्ची व्हॅनमध्ये ठेवली.

तिचा हिशेब साधा होता. पाऊस पडेल, चाकं घरी असतील, हौवेलकडून टायर घ्यायला ऐट आडवी येईल, एम्लिनला गाडी काढता येणार नाही. एक दिवस फुगून बसेल, बसू दे. व्हॅनमध्ये दोघंच असताना, काचेवर पाऊस वाजत असताना, ती विषय काढेल. खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटलं, पण इतकंही नाही. औषध म्हणून दिलेलं खोटं, तिने मनाशी म्हटलं. असं म्हणून किती लोकांनी काय काय केलं आहे!

सकाळी पाऊस नेमका तिला माहीत होता तसाच आला. बारीक, सरळ, घाई नसलेला. ट्रॅकवर व्हॅनी लागल्या होत्या आणि लोक रेनकोटात चहा पीत उभे होते. एम्लिनने आपली जुनी निळी गाडी उतरवली आणि तिला कोरड्या टायरांवर तसंच उभं केलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

हौवेल टायर छत्री घेऊन आला. त्याच्या तंबूत पावसाचे टायर रचून ठेवलेले होते आणि चेहऱ्यावर गोंधळ होता.

“काय गं ढगा, चाकं कुठायत तुझी?”

“घरी,” एम्लिनच आधी बोलला. “दहाला कोरडं होणार आहे.”

“हे?” हौवेलने छत्रीबाहेर हात काढून तळहातावर पाणी धरलं. “हे दहाला कोरडं होणार? माझी आजी परत तरुण होईल एक वेळ.”

“तुझ्या आजीचं तू बघ. हिला विचार.”

शेजारच्या गाळ्यातून गेथिन छप्परही आला. तिशीचा, हसरा, कालपरवाच बाप झालेला. तो नेरिसला आंटी म्हणायचा. त्याने गाडीला टायर कोरडे घातले होते आणि पावसाचे हौवेलकडून बसवून घ्यायला तो निघालाच होता.

“आंटी, नक्की सांगा. बसवू की नको?”

तिघंही तिच्याकडे बघत होते. आयुष्यात क्वचितच एखादा क्षण इतका उघडा समोर येतो. ‘बसव रे बाळा,’ एवढंच म्हणायचं होतं. पण एम्लिन हातभर अंतरावर उभा होता, आणि बसव म्हटलं की काल संध्याकाळचं खोटं उघडं पडत होतं. ‘सांगता येत नाही’ म्हणण्याचीही सोय नव्हती. नेरिस ढगाला सांगता येत नाही, असं कधी झालंच नव्हतं.

“वाळेल,” ती म्हणाली आणि थर्मासचं झाकण उघडायला लागली.

“मग झालं तर!” गेथिन म्हणाला. “हौवेल, तुझा धंदा बुडाला बघ.”

“बुडू दे,” हौवेल पुटपुटला. “हिचं ऐकून माझं आजवर नुकसानच झालंय, पण ही चुकलेली नाही.”

दहा वाजले, पाऊस होता तसाच होता. नेरिस खुर्चीत बसून होती. तिने सगळा हिशेब केला होता, एक सोडून. एम्लिन ओल्यात जाणार नाही असं ती धरून चालली होती. तो पावसापेक्षा तिच्यावर जास्त विश्वास ठेवील, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने चामड्याचा पोशाख चढवला आणि हेल्मेट उचललं.

“अरे, कुठे निघालास? पडतोय अजून!”

“पडू दे. तू म्हणालीस दहा म्हणजे दहा. दोन फेऱ्यांत कोरडी रेघ दिसायला लागेल.”

“एम्लिन, थांब जरा. मी चुकले असेन.”

“तू?” तो खरंच हसला. “मग मी पोप आहे.”

त्याच्यामागून गेथिननेही गाडी चालू केली आणि तिला अंगठा दाखवला.

एक वाक्य पुरलं असतं. मी खोटं बोलले, हे एक वाक्य. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसून म्हणतो. तिला त्या वेळी कठड्याचं लोखंड धरून उभं राहावं लागलं.

एम्लिन एकाच फेरीनंतर आत आला. “रिकामी बस बर्फावरून न्यावी तशी आणली,” तो हेल्मेट काढत म्हणाला. “अजून ओलं आहे गं. थोडी घाई झाली आपली.” तिच्या जिवात जीव आला. तिने त्याचा ओला हात धरला, आणि तेवढ्यात ट्रॅकवर सगळीकडे लाल झेंडे हलायला लागले.

समुद्राकडच्या वळणावर गेथिनचं पुढचं चाक सटकलं होतं. घोट्याची दोन हाडं आणि गळ्याजवळचं एक. रुग्णवाहिकेत चढवताना तो पांढराफटक पडला होता, पण नेरिसला बघून त्याने हसायचा प्रयत्न केला.

“आंटी, तुमचा काही दोष नाही हं. मीच घाईत मूठ पिळली. ढगाने आपल्याला दोघांनाही बनवलं.”

बोलायला जे होतं ते बोलायची तिची हिंमत नव्हती, आणि दुसरं काही बोलायचा तिला अधिकार नव्हता.

घरी येऊन एम्लिनने चहा केला, बराचसा बशीत ओतला आणि तिच्यासमोर बसला. आता हा बोलणार, तिला वाटलं. बोल बाबा, फाडून खा मला.

“नेरिस बाख,” तो हळूच म्हणाला, “वय झालं गं आपलं.”

“म्हणजे?”

“आज ना उद्या व्हायचंच होतं. गेलं तुझं आभाळ. त्यात लाज कसली? माझेही गुडघे गेलेच की.” त्याने तिच्या हातावर हात ठेवला. “गाडी विकून टाकू. माझे टायर आता कोण निवडणार? हौवेल? तो स्वतःची चप्पल धड निवडत नाही.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. जे हवं होतं ते मिळालं होतं. तो पुन्हा ट्रॅकवर जाणार नव्हता, भिंतीवर जाणार नव्हता, कुणाच्या अंगावर गाडी घालणार नव्हता. फक्त ती गप्प राहिली पाहिजे. खरं सांगितलं तर तो म्हणणार, आभाळ शाबूत आहे, मग काढ चाकं! आणि झेंडे न दिसणाऱ्या डोळ्यांनी पुन्हा जाणार. खोटं धरून ठेवलं तर नवरा वाचत होता, आणि सोडलं तर तिची तिला सुटका मिळत होती. दोन्ही एकदम मिळणार नव्हतं.

तिने खोटं धरून ठेवलं.

धरून ठेवायला ते सोपं नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. तिला उठता-बसता खवखवायचं. दर रविवारी ती चहात भिजवलेल्या मनुकांचा केक करून गेथिनकडे घेऊन जायची. तो पायाला सळ्या लावून खिडकीशी बसलेला असायचा. छपरांचे दिवस असे वाया चालले होते, कामं दुसऱ्या गावचे लोक नेत होते, बायको तान्ह्या मुलाला आईकडे ठेवून एका दुकानात उभी राहत होती. तो मात्र केकचे दोन तुकडे खाऊन म्हणायचा, ‘आंटी, घोटा मोडल्याचा हा एक फायदा.’ त्या घरातून बाहेर पडल्यावर नेरिस कोपऱ्यावरच्या भिंतीला टेकून थोडा वेळ उभी राहायची. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता. त्याने एकदा जरी शिवी दिली असती तरी तिला बरं वाटलं असतं.

गावानेही तिला सांभाळून घेतलं, आणि तेच सोसवेना. दुकानात लोक हवामानाचा विषय तिच्यासमोर टाळायचे. वेल्समध्ये हवामान टाळायचं म्हणजे बोलायला उरतं काय? हौवेल टायर तर तिला भेटून गेला. ‘मनाला लावून घेऊ नकोस,’ तो म्हणाला. ‘माझ्या बापालाही शेवटी शेवटी साधे हिशेब जमत नसत.’

सगळ्यांवर कडी केली एम्लिनने. तिने धुणं दोरीवर टाकलं की हा तासाभराने गुपचूप काढून आत आणायचा. ‘सहज आणलं,’ म्हणायचा. आभाळ निळंशार असायचं. आत ओल्या चादरी खुर्च्यांवर पसरलेल्या बघून ती न्हाणीघरात जाऊन रडायची. टायर सोडून जन्मात कधी तिचं न ऐकणारा हा माणूस आता तिच्याशी जपून, हळू आवाजात बोलत होता, आणि त्या प्रत्येक शब्दाने ती अधिक खोटी होत होती.

जूनमध्ये गाडीला गिऱ्हाईक आलं. लोरी तिचं नाव, रेक्सममध्ये शाळेत गणित शिकवणारी, तिशीच्या आतली. शुक्रवारी संध्याकाळी ती व्हॅन घेऊन आली. गाडी बघताक्षणी तिला आवडली. उद्याच त्याच ट्रॅकवर तिची तारीख होती. रात्री तिथेच तंबू ठोकणार होती. एम्लिनने तिला सगळं समजावून सांगितलं, एखाद्या घोड्याबद्दल सांगावं तसं. मग दोघांनी गाडी चढवून पट्ट्यांनी बांधली.

“आणि ही चाकं,” एम्लिनने भिंतीकडे बोट दाखवलं. “पावसाचे टायर आहेत.”

“आज जागा नाही हो, तंबू आहे. पुढच्या आठवड्यात येऊन नेते. फोनवर बघितलंय मी, उद्या कोरडं आहे.”

नेरिस दारात उभी होती. तिची नजर आपोआप समुद्राकडे गेली, आणि समुद्र पाटीच्या रंगाचा होता. डोंगर हाताशी आला होता.

“चाकं घेऊन जा,” ती म्हणाली. “उद्या दिवसभर पाऊस आहे.”

लोरीने फोन काढला. “पण यात तर सूर्य दाखवताहेत.”

“त्यांना दाखवू दे. मध्यरात्रीनंतर सुरू होईल आणि संध्याकाळपर्यंत थांबणार नाही. तंबू इथे ठेव, झोप हवं तर आमच्याकडे, पण चाकं ने.”

“अगं, राहू दे,” एम्लिन मऊ आवाजात म्हणाला. त्याने लोरीला जरा बाजूला घेतलं आणि आवाज उतरवला, पण बस चालवलेल्या माणसाचा आवाज उतरून उतरणार किती? “मनावर घेऊ नकोस हं पोरी. पूर्वी तिला अचूक कळायचं. आता वयामुळे… तू फोनवर आहे तसंच कर.”

लोरीने मान डोलावली आणि नेरिसकडे बघून छानसं हसली. म्हाताऱ्या माणसांकडे बघून हसतात तसं. मग ती व्हॅनचं दार लावायला गेली.

नेरिसला त्या व्हॅनमधली निळी गाडी दिसत होती. तिचे गुळगुळीत टायर दिसत होते. समुद्राकडचं वळण दिसत होतं.

“मला कळतं!” ती ओरडली. एवढी ओरडली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. “एम्लिन, मला सगळं कळतं. तेव्हाही कळत होतं. दिवसभर पाऊस आहे हे आदल्या संध्याकाळीच मला दिसलं होतं. मी खोटं बोलले.”

एम्लिन जागच्या जागी उभा राहिला.

“चाकं मुद्दाम घरी ठेवायला लावली मी. तुला गाडी काढता येऊ नये म्हणून. तुला झेंडे दिसत नाहीत, एम्लिन. चहा दिसत नाही, माणसं दिसत नाहीत, आणि तू ऐकत नाहीस. मला वाटलं एक दिवस गाडी न काढता बसशील. आणि मग गेथिनने विचारलं, आणि तू तिथे उभा होतास, आणि मी त्यालाही तेच सांगितलं.” तिचा श्वास संपला. “माझ्यामुळे मोडला तो. ढगामुळे नाही.”

लोरी दाराच्या कडीवर हात ठेवून आपल्या बुटांकडे बघत होती. मग एम्लिन भिंतीपाशी गेला. त्याने पावसाची चाकं एकेक करून उचलली, व्हॅनमधला तंबू ओढून खाली टाकला आणि चाकं आत ठेवली.

“उद्या हीच लाव,” तो लोरीला म्हणाला. “तंबू पुढच्या आठवड्यात ने. तिथे हौवेल टायर म्हणून आहे, त्याच्या तंबूत झोप. म्हणावं एम्लिन बसने पाठवलंय. आणि त्याने विचारलं तर सांग, नेरिस म्हणाली दिवसभर पाऊस.”

लोरीची व्हॅन गेली. गॅरेज रिकामं झालं. एम्लिन वळला तेव्हा त्याचा चेहरा तिला ओळखू येईना.

“तुझं आभाळ गेलं म्हणून मी गाडी विकली. तुला एकटीला म्हातारं वाटू नये म्हणून.”

“माहीत आहे.”

“माहीत असून धुणं आत आणू दिलंस मला? इतके दिवस?”

“हो.”

“सरळ सांगायचं होतंस की डोळे गेलेत तुझे.”

“सांगितलं होतं. किती वेळा सांगितलं!”

“तसं नाही. टायरचं सांगतेस तसं सांगायचं होतंस.”

“टायरचं तू विचारतोस, एम्लिन. दुसरं कधी काही विचारलंस?”

तो उंबऱ्यावर बसला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

“गेथिनला माहीत आहे?”

“नाही.”

“दर रविवारी जातेस की त्याच्याकडे.”

“जाते. केक देते आणि परत येते.”

एम्लिन उठला. खुंटीवरचा तिचा कोट त्याने काढला आणि तिच्यापुढे धरला.

“आत्ता?” तिने विचारलं.

“उद्यावर टाकलंस तर पुन्हा केकच नेशील.”

तिने कोट घातला. बाहेर अजून उजेड होता. एम्लिनने खिशातून त्यांच्या व्हॅनची किल्ली काढली, दोन पावलं चालला आणि थांबला. समोर गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी त्याला हात करत होतं. त्याने डोळे बारीक करून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि हात न करताच मागे वळून किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

“तू चालव,” तो म्हणाला. “मला दिसत नाही.”